एक वीत कमी

प्रिय भिंगरी,

तुझ्या प्रदर्शनाची पुस्तिका मंगळवारी पोचली. टपालवाल्याने ती दाराच्या फटीतून सारायचा प्रयत्न केला, ती गेली नाही, मग घंटा वाजवून म्हणाला, बाई, जाड आहे. मी म्हटलं, कलेचं आहे, जाड असायचंच. प्रदर्शन होऊन दीड वर्ष झालं. मधल्या काळात ठकी तुझ्या पोटातून बाहेर आली, रांगायलाही लागली, आणि पुस्तिका आत्ता छापून येते आहे. छापखान्यापेक्षा गर्भाला घाई फार, एवढाच याचा बोध. मी ती तीनदा वाचली. एकदा आई म्हणून, एकदा मातीत हात घालणारी म्हणून, आणि तिसऱ्यांदा तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेली बाई म्हणून, हातात लाल पेन घेऊन. तिसऱ्या वाचनात जे सापडलं ते लिहायला बसले आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारलाय. मुली नापास व्हायला दोन दिवस थांबतील.

पान चार. तू लिहितेस, ‘माझ्या आईने मला एक क्षणही नजरेआड केलं नाही. मातीकाम हे तिचं आत्मसंगोपन होतं, आणि मला सोबत घेऊन काम करणं हा त्या घरातला तिचा प्रतिरोध.’ अगं, आत्मसंगोपन हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. समास निर्दोष आहे. पण ज्या खोलीत ते संगोपन झालं म्हणतेस त्या खोलीत एवढा मोठा शब्द मावलाच नसता. चाक, माती मळायचं टेबल, तू आणि मी, एवढ्यातच भिंती खांद्याला लागायच्या. प्रतिरोधाशी मात्र माझी ओळख आहे, तो रोज दुपारी चार ते पाच असायचा. आणि पहिलं वाक्य तर अक्षरशः खरं आहे. पंचाईत तिथेच आहे.

हेही मी गोड मानून घेतलं असतं. आपल्याविषयी छापून आलेलं चांगलं खोटं कुठलीही आई दुरुस्त करत नाही. पण गुरुवारी तुझा फोन आला. वीस तारखेला टेम्पो येणार, तुझं चाक हस्तकलेच्या शाळेत जाणार, तसं तिथल्या बाईंना कळवलंसुद्धा, असं तू सांगितलंस. जावईबापू म्हणाले म्हणे, बरंच झालं, हॉलमध्ये रांगायला जागा होईल. ठकी अजून हातभर लांब नाही, तिला केवढं मैदान लागतं ते त्यांनाच ठाऊक. आणि मग तू म्हणालीस, ‘तू मला मिनिटभर सोडलं नाहीस, आई. मी ठकी कधी झोपते याची वाट बघत असते. मला तुझ्यासारखं नाही जमणार. त्यापेक्षा चाक नकोच डोळ्यासमोर.’ यानंतर तू आणखी एक वाक्य बोललीस, नळ सोडून, भांडी विसळता विसळता, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. ते मला ऐकू आलं. त्याकडे शेवटी येते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू मधेच ‘जाऊ दे गं आता’ म्हणाली असतीस आणि मी आनंदाने जाऊ दिलं असतं. कागद मधे बोलत नाही. आज अकरा तारीख आहे, पत्र चार दिवसांत पोचतं.

तर ते घर. दुसरा मजला, तीन खोल्या, मागे अडगळीची एक, आणि तिची खिडकी सगळ्या बिऱ्हाडांच्या सामाईक व्हरांड्यावर उघडणारी. तुझ्या आजींचा एक नियम होता. शाळा आणि घरकाम आटोपलं की चार ते पाच मी काय वाटेल ते करावं. दिलदार नियम. त्या तासात त्यांनी मूल सांभाळायचं नाही, हे त्याचं पोटकलम. ‘हौस तुझी, पोरही तुझीच,’ असं म्हणून त्या घड्याळ समोर ठेवून खुर्चीत बसायच्या, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून. तू त्यांच्या पायाशी रडायचीस. बोटं सुटायची नाहीत. पाच वाजले की सुटायची, मग तुला उचलून त्या म्हणायच्या, ‘आली गं बाई, चिखलाची महाराणी आली.’ त्या कधी मला ओरडल्या नाहीत हो, ते श्रेय त्यांना द्यायला हवं. आवाज चढवायची वेळ ज्यांच्यावर येते ते सत्ताधीश कच्चे.

तुझे बाबा दुष्ट नव्हते, विनोदी होते. ते जास्त जड जातं. माझ्या पहिल्या बऱ्यापैकी जमलेल्या पेल्यात त्यांनी दाढीचा ब्रश ठेवला. पाहुण्यांच्या सिगारेटी पेटल्या की माझे वाडगे पुढे करायचे, ‘झाडा हो बिनधास्त, आमच्याकडे राख टाकायची चैन आहे.’ हल्ली तेच मोतीबिंदू काढलेल्या नव्या कोऱ्या डोळ्यांनी तुझी पुस्तिका येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात आणि सांगतात, आमच्या घरात पहिल्यापासून कलेचं वातावरण. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवते.

तू सव्वा वर्षाची होतीस तेव्हा एका सभागृहात सहा भांडी मांडायला मला बोलावणं आलं. आयुष्यातलं पहिलं. सहाही मी पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवली होती, झाकण ठोकायचं तेवढं बाकी होतं. शाळेतून आले तर तू खोक्यात खापरांमध्ये बसलेली, हातात लाटणं, आणि आजी समोरच्या खुर्चीतून टाळ्या वाजवताहेत. खोक्याची कड तुझ्या गळ्यापर्यंत यायची. लाटणं भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीच्या खिळ्याला असायचं. ‘लेकरू आहे, त्याला काय कळतंय,’ आजी म्हणाल्या. बाबा म्हणाले, ‘चला, आता न्यायला हलकं झालं.’ तू मात्र खरंच खूश होतीस. मला बघितलंस आणि लाटणं माझ्यापुढे केलंस, की घे, आता तुझी पाळी.

त्यानंतर साडेतीन महिने मी मातीला शिवले नाही. सगळ्यांना फार बरं वाटलं. शेजारणी म्हणाल्या, आता कशी आईसारखी दिसतेस. मी तुला न्हाऊ घालायची, भरवायची, कपडे बदलायची, सगळं घड्याळाच्या काट्यावर. फक्त तू रडलीस की मला ऐकू यायचं नाही. कान ठणठणीत होते. घंटा ऐकू यायची, दूध उतू गेलेलं ऐकू यायचं. नेमकं तेवढंच नाही. एका दुपारी तुला कडेवर घेऊन गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले आणि कठड्याशी उभी राहिले. खाली सायकलच्या दुकानात एक माणूस चाक टांगून सरळ करत होता. फिरवायचा, थांबवायचा, एखादी तार आवळायचा, पुन्हा फिरवायचा. मी ते चाक बघत राहिले आणि तुझ्याभोवतीचा माझा हात सैल पडत गेला. मी काही ठरवलं नव्हतं गं. ठरवायलासुद्धा माणूस आत जागेवर असावं लागतं. तू घसरत माझ्या कोपरापर्यंत आलीस आणि माझे केस मुठीत धरून लोंबकळलीस. डोक्यात कळ गेली म्हणून मी भानावर आले, तुझ्यामुळे नव्हे. हे वाक्य मी सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण आता तुलाच ते लागणार आहे.

खाली आले आणि अडगळीच्या खोलीच्या खिडकीवरची पडद्याची दोरी सोडवली. जाड, सुती, तीन पदरांची. ती तुझ्या काखांखालून छातीभोवती घेतली, पाठीमागे गाठ मारली आणि दुसरं टोक मळायच्या टेबलाच्या पायाला बांधलं. मग चाकावर बसले. तुला घराच्या ताब्यात ठेवलं तर घर तुझ्याच हातून माझी भांडी फोडणार, आणि भांडी केलीच नाहीत तर माझा हात पुन्हा सैल पडणार. त्यांनी तुझं हत्यार केलं होतं, मी तुझं जनावर केलं. दोन्ही वेळा तुला कुणी विचारलं नाही. सोबत घेऊन काम करणं म्हणतेस ते हे. एक क्षणही नजरेआड न करणं म्हणतेस तेही हेच, समोरच तर बांधलं होतं.

चाकाची पायाने ढकलायची खालची तबकडी बोटांचा चुरा करते, म्हणून बांधते, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. आजींना त्यात भलताच रस निर्माण झाला. दोरी गेल्यामुळे तो पडदा आता कुणीही बोटाने सारावा असा झाला होता. चार वाजले की त्या व्हरांड्यातून तो सारायच्या आणि हाक घालायच्या, ‘या गं, बघा आमच्याकडचा गोठा.’ बायका यायच्या. एक म्हणाली, ‘बाई बाई, दाव्यालासुद्धा लांबी असते.’ दुसरीने तुला यू यू करून बोलावलं, तू निघालीस, दोरी ताणली, तू पालथी पडलीस, आणि खिडकीतून हसू आलं. मी मान वर केली नाही. माती चाकाच्या मध्यावर आली होती, सोडली असती तर गेली असती. हा तो प्रतिरोध. पुढच्या आवृत्तीत हवा तर घाल.

अकरा दिवस तू रडलीस. पूर्ण तासभर, श्वास लागेपर्यंत. पण आता मला ते ऐकू यायचं, एकेक हुंदका वेगळा, आणि ऐकत ऐकत मी भांडं चढवायची. पाच वाजता हात धुऊन गाठ सोडायची, तुला उराशी घ्यायची, आणि तेव्हा जी माया यायची ती त्याआधीच्या साडेतीन महिन्यांत एकदाही आली नव्हती. याला काय म्हणायचं ते तुझ्या पुस्तिकेत सापडलं नाही. बाराव्या दिवशी तू रडली नाहीस. टेबलाच्या पायाभोवती चालायला लागलीस. गोल, एकाच दिशेने. दोरी पायाला गुंडाळत जायची, आखूड होत जायची, शेवटी तुझं कपाळ लाकडाला टेकायचं आणि तू तशीच उभी राहायचीस. उलट फिरलं की सुटतं हे तुला कळत नव्हतं, आणि हातातलं भांडं उतरेपर्यंत मी उठत नव्हते. बाबा खिडकीतून म्हणाले, ‘अरे वा, भिंगरीच झाली की.’ नाव चिकटलं. मीही तेच उचललं, याही पत्राच्या माथ्यावर लिहिलंय. तू पाहुण्यांना सांगतेस, मी लहानपणी फार नाचायची म्हणून. मी कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्या बाराव्या दिवशी उतरवलेलं भांडं म्हणजे तुझ्या खिडकीतला राखाडी वाडगा. ज्यात तू ठकीच्या बाटलीची झाकणं ठेवतेस, ज्याच्या तळाच्या रेघेवरून बोट फिरवतेस. तू म्हणतेस, ‘आई, यात केवढी शांतता आहे.’ आहेच. ती माझी नव्हे, तुझी. रडून काही होत नाही हे कळलेल्या मुलाची. मी नंतर हजारभर भांडी केली असतील, तसं एकही झालं नाही.

तुझ्या प्रदर्शनात मी ते सात रांजण पाहिले. प्रत्येकाला गळ्याच्या जरा खाली ओल्या मातीत दोरी दाबून उमटवलेला वेढा. तीन पदरी, पीळ उजवीकडे झुकलेला, मागच्या बाजूला गाठीचा गोळा. जाड भिंगांचा तो समीक्षक म्हणाला, ही तर नाळ. तू लाजून हसलीस आणि म्हणालीस, माहीत नाही, हात आपोआप तिथेच जातो. मला विचारलंस, ‘कसं वाटलं गं?’ मी म्हटलं, ‘वेढा जरा खाली हवा होता, पोटावर.’ तुझा चेहरा पडला. जावईबापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी व्हरांड्यातल्या बायकांकडे पाहायला हवं होतं. अगं, वेढा जिथे हवा तिथेच होता. काखांखाली. नाळ पोटाला असते, एवढंसुद्धा त्या विद्वानाच्या लक्षात आलं नाही. मी हात धुवायच्या निमित्ताने आत गेले आणि बेसिनशी बराच वेळ उभी राहिले.

तीन वर्षं हे चाललं. साडेचार वर्षांची असताना एका दुपारी तू पाठीमागे हात नेऊन गाठ स्वतः सोडलीस. मला वाटलं, आता धावत माझ्याकडे येशील. तू दोरीची नीट घडी घातलीस, टेबलावर ठेवलीस, माझ्या बाजूने, पण मला न शिवता, बाहेर गेलीस आणि आजींच्या मांडीवर जाऊन बसलीस. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, तरी त्यांनी तुला घेतलं. विजय असा निवांत असतो. अकरा वर्षांची होईपर्यंत तू त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. मग एक दिवस दारात उभी राहून म्हणालीस, ‘मला शिकव.’ काहीच आठवत नसल्यासारखी. मी शिकवलं. तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, ते मी तुला आज सांगते आहे. आजींना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा मला राग येत नाही. त्यांची गुंतवलेली बोटं मात्र कधी कधी माझ्याच मांडीवर दिसतात.

आता ते नळाखालचं वाक्य. तू म्हणालीस, ‘हल्ली ठकी रडते ना, मला ऐकूच येत नाही.’ मी काहीतरी इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला आणि कपाटातून दोरी काढली. तू घडी घालून ठेवली होतीस तशीच होती. मी तुझ्यासाठी चाक सोडलं नाही, भिंगरी. तुला बांधलं, पण चाक सोडलं नाही, म्हणून तू आहेस. तेव्हा माझ्यासारखं जमत नाही म्हणून तुझं चाक वीस तारखेला टेम्पोत घालू नकोस, माझ्यासारखी मी कधीच नव्हते. आणि एवढं सांगितलंच आहे तर माप पण सांगते. तुला ठाऊक आहे, माती मध्यावर आणायची तर दोन्ही कोपरं मांडीवर घट्ट टेकावी लागतात. मांडीवर मूल असलं की टेकत नाहीत. तबकडीपासून तुला लांब ठेवायला निम्मी दोरी पुरली असती, आणि तेवढीच दिली असती तर तू मला मागायला तरी आली नसतीस. मी ती मोजून बांधली होती. तू हात लांब केलास की बोटं माझ्या गुडघ्यापाशी यायची आणि एक वीत कमी पडायची. तुला ते तीन वर्षं रोज दिसावं, आणि तू मागायचं थांबावंस, म्हणून. दोरी सोबतच्या पाकिटात आहे, मोजून घे. अठराला दुपारी तुझ्या दाराशी येते, उन्हाळ्याची सुट्टी पूर्ण तुझ्याकडे. चार ते पाच ठकी माझ्या मांडीवर, आणि त्या तासात माझी बोटं गुंतलेली नसतील. हे वाचून तुला मी दारात नको झाले तर खुशाल परत पाठव, मी जिन्यातून वळेन, वाद घालणार नाही. पण मग दोरी ठेवून घे आणि चाकही ठेवून घे. फक्त तिला एक वीत जोड.

तुझीच, आणि तेव्हाही तुझीच,
आई